‘सरदार’ बघितला आणि आपल्या किल्ल्यापाशी येऊन थांबलो

आजचा एपिसोड एका माफीनं सुरू करतोय. माफी माझ्या मामांची आणि आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या सगळ्यांची.

झालं असं, की काही महिन्यांपूर्वी मी ग्रुपवर एक मेसेज ढकलला होता. तुमच्याकडेही आला असेल. नेहरू आणि पटेल एकमेकांचे कट्टर वैरी होते, इतके की पटेलांच्या अंत्यविधीलाही नेहरू गेले नाहीत, असा तो मेसेज. वाचला, खरा वाटला, पुढे पाठवला. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. इतिहासावर पॉडकास्ट करणारा माणूस मी, आणि एवढंही तपासलं नाही.

खाली मामांचा रिप्लाय आला. दोनच शब्द. “कुणी सांगितलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री त्यांचाच फोन आला. म्हणाले, “अरे, तो ‘सरदार’ पिक्चर बघितलास का? परेश रावलचा. आधी तो बघ, मग आपण बोलू.” मी म्हटलं, “मामा, तुम्ही सांगताय म्हणून बघतो, पण तो काहीतरी सरकारी माहितीपटासारखा असणार.” ते हसले. म्हणाले, “तू बघ तर खरं.”

आता खरं सांगतो, मला काय अपेक्षित होतं. थोर पुरुषावरचा सिनेमा म्हटलं की आपल्या डोक्यात एक साचा असतो. मागे बासरी, पुढे पुतळ्यासारखा उभा माणूस, प्रत्येक वाक्य भाषण, आणि आजूबाजूचे सगळे एक तर भक्त, नाहीतर खलनायक. त्यात पुन्हा परेश रावल. आपल्या पिढीसाठी परेश रावल म्हणजे बाबूराव गणपतराव आपटे. धोतर दिसलं की हसायलाच येणार, असं मी गृहीत धरलं होतं.

‘सरदार’ १९९३ सालचा. म्हणजे ‘हेराफेरी’च्या सात वर्षं आधीचा. दिग्दर्शक केतन मेहता, ‘मिर्च मसाला’वाले. आणि श्रेयनामावलीत पटकथेसमोर एक नाव आलं आणि मी मोबाईल नीट हातात धरून बसलो. विजय तेंडुलकर.

आपले तेंडुलकर. ‘घाशीराम कोतवाल’ लिहिणारे. ‘सामना’ लिहिणारे. तो ‘सामना’ आपल्या जामखेडच्या रामदास फुटाण्यांनी निर्माण केला होता आणि साखर कारखान्याच्या पट्ट्यातली सत्ता कशी चालते हे त्यानं पडद्यावर उघडं करून दाखवलं होतं. पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, त्या जिल्ह्यातल्या माणसाला तो सिनेमा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तर सत्तेच्या खोलीत दोन माणसं समोरासमोर बसली की काय होतं, हे ज्या लेखकाला बरोबर कळत होतं, त्याच्या हातात पटेलांची गोष्ट दिली होती. तिथेच माझा अंदाज चुकायला सुरुवात झाली.

सिनेमात वल्लभभाई पहिल्यांदा भेटतात ते अहमदाबादच्या क्लबात. पत्ते खेळताना. यशस्वी बॅरिस्टर, आणि गांधी नावाच्या नव्या माणसाची चक्क टिंगल करतोय. पुतळा नाही. पत्ते खेळणारा, टोमणे मारणारा, स्वतःवर खूश असलेला वकील. मग तो माणूस गांधींना ऐकतो, खेड्याच्या शेतकऱ्यांमध्ये जातो, पुढे बारडोलीचा सत्याग्रह, आणि हळूहळू बदलत जातो. परेश रावल बोलतात कमी. बाबूराव मला एकदाही आठवला नाही, यावर माझाच विश्वास बसेना. बेंजामिन गिलानी नेहरू झालेत, अन्नू कपूर गांधीजी, टॉम आल्टर माउंटबॅटन.

पण खरं आश्चर्य अभिनयाचं नव्हतं. आश्चर्य हे होतं की या सिनेमात मोठी माणसं भांडतात, आणि भांडण झाल्यावर पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसतात. पटेल आणि नेहरूंचं पटत नाही, हे सिनेमा लपवत नाही. काश्मीरवरून पटत नाही, कारभाराच्या पद्धतीवरून पटत नाही. सिनेमाचं झुकतं माप पटेलांच्या बाजूला आहे, नावच ‘सरदार’ आहे, ते साहजिकच. तरी नेहरूंना तो खलनायक करत नाही. मला दोन वैरी बघायचे होते. दिसले दोन सहकारी, एकमेकांवर चिडलेले.

आणि मग १९४२ येतं. ‘छोडो भारत’, अटक. त्यानंतर सिनेमा लवकरच १९४५ वर येऊन पोचतो. साहजिक आहे, पुढे स्वातंत्र्य, फाळणी, संस्थानं, केवढं तरी सांगायचंय. पण मी तिथे पॉज केला.

कारण मधली ती वर्षं कुठे गेली, हे नगरच्या माणसाला माहीत असतं. निदान असायला हवं. ती वर्षं आपल्याकडे होती. भिंगारच्या किल्ल्यात.

शाळेत आपल्याला एक ओळ शिकवतात, ‘नेहरूंनी नगरच्या किल्ल्यात डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं’. एक मार्काचा प्रश्न. पण त्या किल्ल्यात नेहरू एकटे नव्हते. पटेलही तिथेच होते. ज्या दोघांना मी मेसेजमध्ये वैरी करून टाकलं होतं, ते दोघं माझ्याच गावात, एकाच आवारात राहिले होते. किती दिवस? नेहरूंनी ते पुस्तक किल्ल्यातल्या आपल्या सहकारी कैद्यांना अर्पण केलंय आणि तिथे तारखाही दिल्यात, ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५. कॅलेंडर घेऊन मोजलं. ९६२ दिवस.

थोडं मागे जाऊ. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलीस दारात. सगळ्या नेत्यांना एका खास रेल्वेगाडीत बसवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. पुणे स्टेशनवर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालवलेल्या बघून नेहरू खिडकीतून फलाटावर उतरले होते. गाडी पुढे निघाली आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा जणांना घेऊन नगरला आली. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारनं जाहीर केलं नव्हतं. देशाला पत्ता नव्हता, आणि सुरुवातीला आतल्यांना बाहेरचा देश कळत नव्हता, कारण वर्तमानपत्रंही बंद होती.

हे बारा जण कोण? नावं ऐका, आणि जरा लक्षात ठेवा, कारण यातली बरीच पुढे पुन्हा येणार आहेत. मौलाना अबुल कलाम आझाद, तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष. जवाहरलाल नेहरू. वल्लभभाई पटेल. गोविंद वल्लभ पंत. आचार्य नरेंद्र देव. आचार्य कृपलानी. असफ अली. पट्टाभि सीतारामय्या. सय्यद महमूद. प्रफुल्लचंद्र घोष. हरेकृष्ण महताब. आणि आपले शंकरराव देव, या बारांमधले मराठी.

पटेल तेव्हा ६६ वर्षांचे, पोटाच्या दुखण्यानं बेजार. नेहरू ५२ चे. कोणी बंगाली, कोणी ओडिया, कोणी तेलुगू, कोणी सिंधी. नेहरूंनी प्रस्तावनेत म्हटलंय की हे सोबती म्हणजे भारताचाच एक छेद होता, आणि त्यांच्याशी बोलून, वाद घालूनच आपले विचार स्पष्ट होत गेले. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे त्यांनी खास आभार मानलेत. पुस्तक लिहिलं १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. हातानं लिहिलेली हजारभर पानं.

आणि लिहिणारे ते एकटे नव्हते. आझादांनी एका मित्राला पत्रं लिहिली, जी पोस्टात पडणारच नव्हती. त्यांचं पुस्तक झालं, ‘गुबार-ए-खातिर’. त्यात पहाटेचा चहा आहे, खोलीत घुसणाऱ्या चिमण्या आहेत. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला. सीतारामय्यांचं ‘फेदर्स अँड स्टोन्स’ इथलंच. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ग्रंथावर काम करत होते. आपल्या गावच्या किल्ल्यात एका वेळी इतकी पुस्तकं लिहिली जात होती, आणि आपल्याला एकाच पुस्तकाचा एक मार्काचा प्रश्न माहीत.

नेहरू बाग करायचे. जमीन खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागले, हेही त्यांनी पुस्तकात लिहिलंय, आणि मग चाँदबिबीची आठवण काढलीय. तीच चाँदबिबी, जिनं १५९५-९६ मध्ये मोगल फौजेसमोर हा किल्ला लढवला.

पण हे काही आश्रमातलं शांत आयुष्य नव्हतं, बरं का. १५ ऑगस्ट १९४२ ला, म्हणजे अटकेला आठवडाही झाला नव्हता, आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई गेले. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात गेल्या. त्या आजारी असल्याचं इथे कळत होतं. सरकारकडे भेटीसाठी अर्ज करावा, असं सुचवलं गेलं. आझादांनी अर्ज केला नाही. नगरच्या किल्ल्यात बसून त्यांनी ती बातमी घेतली. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत नेहरूंच्या नातवाचा, राजीवचा, जन्म झाला, तेव्हा आजोबा इथेच होते. असफ अलींना घेऊन गाडी नगरकडे येत होती त्या दिवशी त्यांच्या पत्नी अरुणा असफ अली यांनी गवालिया टँकवर तिरंगा फडकवला आणि मग त्या भूमिगत झाल्या.

आणि मतभेद? ते खंदक ओलांडून आत आलेच होते. युद्ध चालू असताना आंदोलन पुकारावं का, याबद्दल आझाद आणि नेहरू साशंक होते. पटेल गांधीजींच्या बाजूनं ठाम होते. आत आल्यावर ‘आपण बरोबर केलं का’ हा प्रश्न काही संपला नाही. १९४४ मध्ये सय्यद महमूद यांनी व्हाइसरॉयना पत्र लिहिलं, ‘छोडो भारत’शी आपला संबंध नसल्याचं सांगितलं, आणि त्यांची सुटका झाली. बाकीचे दुखावले. तुम्हीच विचार करा, आत बसलेल्यांना काय वाटलं असेल. तरी पुढे १९५४ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळात हेच सय्यद महमूद परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री झाले.

मार्च-एप्रिल १९४५ मध्ये या मंडळींना वेगवेगळ्या तुरुंगांत हलवलं, आणि १५ जूनला सुटका झाली. इथून सिनेमा पुन्हा सुरू होतो. मीही प्ले दाबला. पण आता मी तो वेगळ्याच नजरेनं बघत होतो.

कसं आहे, सिनेमात दिल्लीतल्या एखाद्या बैठकीत नेहरू तावातावानं बोलतात आणि पटेल गप्प बसून ऐकतात. आधी मला ते दोन सत्ताकेंद्रं वाटत होती. आता वाटलं, या माणसांनी एकमेकांना ९६२ दिवस जेवताना, आजारी पडताना, वाईट बातमी ऐकताना बघितलंय. एकाचा आवाज कधी चढतो आणि दुसरा कधी गप्प होतो, हे त्यांना पाठ असणार. राजकारण सोडा, हॉस्टेलला एका खोलीत दोन वर्षं काढलेल्या माणसाशी आपलं भांडण वेगळंच असतं ना? ते अनोळखी माणसाशी कमेंटमध्ये घातलेल्या वादासारखं नसतं. तसं काहीसं.

१९४६ चंच घ्या. काँग्रेसचा पुढचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न. जो अध्यक्ष होणार तोच अंतरिम सरकारचा प्रमुख होणार, हे दिसत होतं. प्रांतिक समित्यांचा कल पटेलांकडे होता. गांधीजींची पसंती नेहरूंना. पटेलांनी माघार घेतली. आझादांनी पुढे आपल्या आत्मकथनात कबूल केलंय की आपण तेव्हा पटेलांना पाठिंबा दिला नाही ही चूक झाली. आपल्या मेसेजमध्ये गोष्ट इथेच संपते, ‘अन्याय झाला’ असं म्हणून. पण माघार घेतलेला माणूस रुसून घरी बसला नाही. त्यानं गृहखातं आणि संस्थान खातं हातात घेतलं, आणि साडेपाचशेहून जास्त संस्थानं जोडायचं काम अंगावर घेतलं.

या संस्थानांच्या भागात हैदराबाद येतं, आणि तिथे मी दुसऱ्यांदा दचकलो. कारण हैदराबाद म्हणजे दूरचं चारमिनारवालं शहर नव्हे. नगर-संभाजीनगर रस्त्यानं कधी गेलात तर प्रवरासंगमजवळ गोदावरीचा पूल लागतो. अलीकडे नेवासा तालुका, पलीकडे कायगाव. १९४८ पर्यंत अलीकडचा काठ मुंबई प्रांताचा आणि पलीकडचा निजामाचा. जामखेडच्या पलीकडे आष्टी, ते निजामाकडे. शेवगावच्या पलीकडे पैठण, तेही निजामाकडे. १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्याकडे झेंडावंदन झालं, तेव्हा नदीपलीकडच्या नात्यागोत्यातल्या माणसांना अजून तेरा महिने थांबायचं होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं हार मानली. म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला. सिनेमात हा सगळा दिल्लीतला निर्णय वाटतो. आपल्या जिल्ह्याच्या कडेला तो रोज ओलांडायच्या हद्दीचा प्रश्न होता.

आता त्या भागाकडे येतो ज्यामुळे मला माझा मेसेज परत घ्यावासा वाटला.

जानेवारी १९४८. नेहरू आणि पटेलांमधले मतभेद इतके वाढले होते की दोघांनीही गांधीजींसमोर आपापली बाजू मांडली होती, आणि दोघंही पद सोडायला तयार होते. हे खरं आहे, यात लपवायचं काही नाही. ३० जानेवारीला दुपारी चारच्या सुमारास पटेल मणिबेनसोबत गांधीजींना भेटायला गेले. बोलणं याच विषयावर. गांधीजींचं म्हणणं, तुम्ही दोघंही सरकारात हवेत. बोलता बोलता प्रार्थनेला उशीर झाला. गांधीजी उठले, प्रार्थनेला निघाले, आणि काही मिनिटांत गोळ्या झाडल्या गेल्या.

गांधीजींशी शेवटचं सविस्तर बोलणं झालं ते पटेलांचं. आणि विषय काय, तर नेहरूंशी जमत नाही. ही गोष्ट घेऊन तो माणूस पुढे कसा जगला असेल? सिनेमात या प्रसंगानंतर परेश रावलचा चेहरा बघा. मी तिथे मागे जाऊन दोनदा बघितला.

त्या संध्याकाळी माउंटबॅटन यांनी दोघांना सांगितलं की तुम्ही एकत्र राहावं ही गांधीजींची इच्छा होती. ३ फेब्रुवारीला नेहरूंनी पटेलांना पत्र लिहिलं. बापू गेल्यावर सगळंच बदललं, आपल्याबद्दल लोक कुजबुजतात त्याचा त्रास होतो, पण पाव शतकाची आपली मैत्री आहे, अशा आशयाचं. ५ तारखेला पटेलांचं उत्तर गेलं, त्याच मायेचं. त्याच दिवसांत काँग्रेसच्या सदस्यांसमोर बोलताना पटेलांनी नेहरूंचा उल्लेख ‘माझे नेते’ असा केला. पटेलांचा पत्रव्यवहार दुर्गा दास यांनी संपादित केलाय, दहा खंड आहेत. त्यात भांडणंही छापलीत आणि समेटही. मेसेज बनवणारे भांडणाचं पान उचलतात आणि समेटाचं पान तिथेच ठेवतात. कुणाचा फायदा असतो ते तुम्ही ओळखा.

बरं, समेट झाला म्हणजे मतभेद संपले का? अजिबात नाही. १९५० मध्ये काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला पुरुषोत्तमदास टंडन, पटेलांचा पाठिंबा असलेले. दुसऱ्या बाजूला कृपलानी, किल्ल्यातलेच, नेहरूंचा कल त्यांच्याकडे. टंडन जिंकले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ ऑक्टोबरला, इंदूरजवळच्या सभेत पटेलांनी जाहीर सांगितलं की आपले नेते नेहरूच आहेत, बापूंनी त्यांना वारस नेमलंय आणि आपण बापूंचे सैनिक आहोत. ७ नोव्हेंबरला त्याच पटेलांनी नेहरूंना चीन आणि तिबेटबद्दल सावध करणारं लांब, परखड पत्र लिहिलं. सहा आठवड्यांच्या आत दोन्ही गोष्टी. ‘तुम्ही नेते आहात’ आणि ‘तुमचं इथे चुकतंय’. हे एकाच माणसाला दोन्ही म्हणता येतं, हे आपण विसरत चाललोय का?

१५ डिसेंबर १९५० ला मुंबईत पटेल गेले. आणि नेहरू अंत्ययात्रेला होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद होते, राजाजी होते, नेहरूही होते. माझा मेसेज खोटा होता. अर्धवट नाही, पूर्ण खोटा.

आता थोडं सिनेमाच्या विरोधातही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता भारावून गेलाय. सिनेमा म्हणजे पुरावा नव्हे. एका माणसाची गोष्ट सांगताना बाकीचे लहान होतातच. साडेपाचशे संस्थानं पडद्यावर चार बैठकींत सुटल्यासारखी वाटतात. संस्थानांतली स्वतःची आंदोलनं, हैदराबादमध्ये रझाकारांशी झुंजलेले साधे लोक, फाळणीत घर सोडणाऱ्या बायका, यांना जागा कमी मिळते. आणि आपल्या किल्ल्याला तर फारच कमी.

पण मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. सिनेमा पटेलांबरोबर संपतो. किल्ल्यातली गोष्ट मात्र पुढे चालू राहते, आणि ती थेट आपल्या महाराष्ट्रापर्यंत येते. हे मला एपिसोडची तयारी करताना जुळवता आलं, आणि मी खुर्चीतून उठलोच.

डिसेंबर १९४८ मध्ये काँग्रेसनं भाषावार राज्यांवर एक समिती नेमली. तिला जेव्हीपी म्हणतात. जे म्हणजे जवाहरलाल, व्ही म्हणजे वल्लभभाई, पी म्हणजे पट्टाभि. तिघेही नगरच्या किल्ल्यातले! १९४९ मध्ये त्यांचा अहवाल आला, भाषावार राज्यांची ही वेळ नाही, आंध्रचा तेवढा विचार करू. आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी आग्रह धरणाऱ्यांत पुढे कोण? शंकरराव देव. तेही किल्ल्यातलेच. बरं, १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं, मुंबईत गोळीबार झाले, तेव्हा देशाचे गृहमंत्री कोण? गोविंद वल्लभ पंत. मुंबईचे राज्यपाल कोण? हरेकृष्ण महताब. दोघंही किल्ल्यातले. म्हणजे ज्या अंगणात ही माणसं एकत्र चहा प्यायली, तीच माणसं आपल्या राज्याच्या प्रश्नावर वेगवेगळ्या बाजूंना उभी होती.

नरेंद्र देव १९४८ मध्येच समाजवाद्यांबरोबर काँग्रेसमधून बाहेर पडले होते. कृपलानी १९५१ मध्ये गेले, विरोधी पक्षात बसले, नेहरूंवर सडकून टीका करत राहिले. एका किल्ल्यातून सरकारही निघालं आणि विरोधी पक्षही निघाला. मतं जुळली नाहीत म्हणून कुणी कुणाला देशाचा शत्रू ठरवलं नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ जणांना प्राण द्यावे लागले, त्यामुळे हे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. सहकाऱ्यांचे निर्णयही चुकतात, आणि त्याची किंमत रस्त्यावरची माणसं देतात. पण चूक आणि वैर यात फरक असतो. तो फरक या सिनेमानं मला दाखवला. किल्ल्यानं तो समजावला.

एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी मी दोन कामं केली. पहिलं, ग्रुपवर लिहिलं, “मी पाठवलेला मेसेज खोटा होता. नेहरू अंत्ययात्रेला होते. सॉरी.” एका चुलतभावानं लगेच दुसरा मेसेज टाकला, या वेळी पटेलांच्या विरोधातला. मी खाली दोनच शब्द लिहिले. कुठले, ते तुम्हाला कळलंच असेल.

दुसरं काम, मामांना फोन. म्हटलं, “मामा, पिक्चर बघितला. तुमचं बरोबर होतं.” ते म्हणाले, “माझं बरोबर-चूक राहू दे रे. किल्ला कधी बघितलास का आतून?” गप्प झालो. खंदकाच्या कडेनं हजार वेळा गाडी घातलीय, आत एकदाही गेलो नव्हतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे आत जायचे नियम आधी विचारून घ्यावे लागतात. तेवढाही त्रास मी कधी घेतला नव्हता. तर आता मी आणि मामा रविवारी जातोय. ते आधीच म्हणालेत, वाटेत काश्मीरवरून भांडू. म्हटलं, चालेल, पेट्रोल माझं.

तुमच्या ग्रुपवर असा कुठला मेसेज फिरतोय, जो तुम्हाला खोटा वाटतो पण तपासायचं राहून गेलंय? पाठवा. पुढच्या भागात आपण मिळून तपासू. तोपर्यंत ‘सरदार’ बघा, आणि १९४२ आलं की पॉज करा. भेटू.